कोमट पाणी
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला मालाडचं ते जुनं चर्च आठवतं. मी तेव्हा शेजारच्या नर्सिंग होममध्ये नर्स होते. गावठाणातल्या एका ख्रिस्ती घरातलं सातव्या महिन्यात झालेलं बाळ एका दुपारी निळं पडायला लागलं. डॉक्टरांनी करण्यासारखं सगळं केलं होतं, फादर बोरिवलीला गेले होते, आणि लाल लुगड्यातली बाळाची आजी माझा हात धरून म्हणाली, "बाय, तूच पाणी घाल. बाप्तिस्म्याशिवाय नको जायला." मी म्हटलं, "अहो, मी हिंदू." "जिवावर बेतलं की कोणीही दिला तरी चालतो. मनापासून दे." गार पाण्याने पोर आणखी गारठेल म्हणून मी पाणी कोमट केलं आणि आजी सांगत गेली तसं पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पोरीच्या कपाळावर तीनदा ओतलं. पोर जगली. तीन महिन्यांनी चर्चमध्ये फादरांनी मला सगळं नीट विचारलं, पाण्याचं भांडं बाजूला सारलं आणि तिला नुसतं सुगंधी तेल लावलं. "बाप्तिस्मा म्हणजे दुसरा जन्म, आणि हा जन्मही एकदाच होतो," ते म्हणाले, "तिचा झालाय." गॉडमदर, म्हणजे बाळाची धर्ममाता, मात्र मला होता येईना, मी ख्रिस्ती नाही ना, पुढे मेणबत्ती धरून तिची आत्या उभी राहिली, मी मागच्या बाकावर. परवा तीच मुलगी स्वतःच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं बोलावणं घेऊन आली. मी म्हटलं, "येते गं, मागे बसेन." "पुढे बस मावशी," ती म्हणाली, "पाणी किती कोमट हवं ते फादरांना तूच सांग."