दुकानाच्या ॲपमध्ये माझं नाव

त्या पोरीनं मला फसवलं नव्हतं. मीच तिला फसवलं. नव्या सोयाबीनचा वास आला की जिंतूरच्या माझ्या आडतीच्या दुकानातली ती दुपार आठवते. माझ्या दुकानासाठी शेतमालाचे भाव सांगणारं ॲप बनवणं, हे तिचं पहिलंच काम होतं. ती चहाला गेली तेव्हा मी तिच्या लॅपटॉपवर उघड्या असलेल्या कोडमध्ये दुकानाच्या नावापुढं माझं नाव घुसवलं, त्यात एक अवतरणचिन्ह पुसलं गेलं आणि ॲप उघडेना. शेतकऱ्यांसमोर मी ओरडलो, "येत न्हाई तर काम घेतलं कशाला?" तिनं चुकलेली ओळ शोधली. "काका, हे नाव मी न्हाई टाकलं." "मग काय भुतानं टाकलं?" सगळे हसले. डोळे पुसत तिनं चिन्ह टाकलं, ॲप चालू केलं आणि गेली. बाजारात पुन्हा कुणी तिला काम दिलं नाही. माझ्या दुकानातल्या मुनीमानं मला टाइप करताना पाहिलं होतं. तो गप्प का बसला, याचा जाब त्यानं द्यावा, आणि त्याच्या आधी मी.