खड्ड्यातला कानसेन

गॅरेजमधला खड्डा पुरुषभर खोल, दोन हात रुंद आणि एका मोटारीएवढा लांब होता. कानसेन त्यात पहिल्यांदा उतरला तेव्हा अठरा वर्षांचा होता. आता छप्पन्न सरली होती. वडिलांनी दोघा भावांची वाटणी केली ती एवढीच: थोरल्याने वर काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलायचं, धाकट्याने खाली पाइपांशी. घर गॅरेजच्या माथ्यावरच होतं. कामाला जायचं म्हणजे सतरा पायऱ्या उतरायच्या, मग खड्ड्याच्या आणखी सात. घरी यायचं म्हणजे त्याच चढायच्या.

नाव थोरल्या भावाने, दादांनीच पाडलं होतं. गाडी चालू करून मागच्या नळीच्या तोंडावर ओला बोळा दाबला, की धुराची वाट अडते आणि कुठे भेग असेल तिथून तो फुसफुसतो. इतर गॅरेजवाले साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधतात. कानसेन नुसती मान कलती करून उभा राहायचा आणि बोट ठेवायचा. तिथेच भेग निघायची. "आमच्याकडे साबण हात धुवायला," दादा गिऱ्हाइकांना ऐकवायचे. पाटीवरही त्यांनी रंगवून घेतलं होतं: सायलेन्सरचे काम कानाने तपासून मिळेल.

गेल्या दोन वर्षांत मात्र आवाजांतले बारीक बारीक सगळे निघून गेले होते. जाडेभरडे उरले. इंजिनाची घरघर ऐकू यायची, दारावरची बेल नाही. दादांचं ओरडणं यायचं, नातीचं बोलणं नाही. हे फक्त बायकोला माहीत होतं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सांगितलं, तेव्हा जिना चढता चढता तो म्हणाला होता, "यंत्र घालून खाली उतरलो तर आधी पाटी पुसावी लागेल." तेव्हापासून बेल वाजली की बायको त्याच्या खांद्याला हात लावून दाराकडे जाई, जणू त्यालाही ऐकू आली होती.

कामात त्याने दुसरी युक्ती काढली होती. बोट थुंकीने ओलं करायचं आणि जोडावरून फिरवायचं. भेग असली तर ओल्या बोटाला झुळूक लागते. मान मात्र पहिल्यासारखीच कलती ठेवायची. वरून बघणाऱ्याला फरक कळत नसे. हात पोचेल तिथवर ही युक्ती चाले.

अशात एक निवृत्त मुख्याध्यापिका आपल्या वडिलांची मोटार घेऊन आल्या. मोटार सायीच्या रंगाची, गोल डोळ्यांची, कानसेनापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता. गाडी आली ती पाडकाम चालल्यासारखा आवाज करत.

"बाई, एकदम अडीच इंची पाइप टाकू या," दादांनी सुरुवात केली. "चकचकीत स्टेनलेस, मागे दोन नळ्या. गाडी डरकाळी फोडेल."

"मी शाळा चालवली, सर्कस नाही," बाई भरदार, वर्गभर पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या.

कानसेन खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणाला, "इंजिन लहान आहे. अडीच इंची म्हणजे लहान पोराच्या पायात बापाचे बूट. धूर रेंगाळेल, चढावर गाडी दम टाकेल. पाइप होता त्याच मापाचा ठेवू. पुढचा भाग स्टेनलेसचा करू, तो टिकेल. पण सायलेन्सरचं पिंप साध्या जाड पत्र्याचं. स्टेनलेसचं पिंप रिकाम्या पातेल्यासारखं वाजतं."

बाई वाकून त्याच्याकडे बघत राहिल्या. "वडील वळणावर आले की आम्ही भावंडं पत्ते लपवायचो. इतका तो आवाज ओळखीचा होता. तो मिळेल?"

"बघतो."

"आणि लवकर बघा. आई नव्वदची आहे, तिला धाकट्या बहिणीकडे न्यायचंय. आठ तासांचा डोंगराचा रस्ता. तिला वारा सोसत नाही, एक काच उघडू देत नाही बघा."

इंजिनाच्या कुशीला बिडाचा चार बोटांचा पंजा असतो, मॅनिफोल्ड. धूर पहिल्यांदा त्यात उतरतो. दादा म्हणाले, तोही नवा बसवू. कानसेनाने जुनाच ठेवला. त्या जुन्या आवाजाचं मूळ तिथे होतं, आणि हे त्याचं बरोबरच होतं. त्याने सहा दिवस खपून पाइप वाकवले, पिंप तीनदा उघडून आतली जाळी बदलली, तळहात ठेवून त्याची थरथर जोखली. सगळे जोड ओल्या बोटाने तपासले. फक्त मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला बोट शिरत नव्हतं. तिथे त्याने मान कलती केली, थोडा वेळ उभा राहिला आणि "ठीक आहे" म्हणाला.

बाई सकाळीच आल्या. थंड गाडी त्यांनी स्वतः चालू केली. आवाज भरीव आणि मऊ आला. बाईंचा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही टिकटिक कसली हो?"

कानसेनाला घरघरीपलीकडे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. त्याने दादांच्या तोंडाकडे पाहिलं. दादांनी ऐकली होती.

"थंड आहे ना गाडी!" दादा हसले. "तापली की जाते आपोआप. कानसेनाने तपासलीय. काय रे?"

कानसेनाने मान डोलावली. दादांचं खोटं नव्हतं. बीड तापून फुगलं की भेग मिटल्यासारखी होते, टिकटिक थांबते. धुरातला विषारी वायू मात्र थोडाथोडा आत येतच राहतो, वास न येणारा, आणि बंद काचांच्या गाडीत तो बसल्या जागी माणसाला झोपवतो. हे त्यानेच दादांना कधीतरी सांगितलं होतं.

बाईंनी दार लावलं. काच वर जाऊ लागली.

"थांबा!"

त्याने मोरीवरची साबणाची वडी मगात कालवली. "हे काय काढलंस?" दादा दबक्या आवाजात म्हणाले. त्याने ओला बोळा त्यांच्याच हातात कोंबला. "नळीवर दाबून धर." मग बॉनेट उघडून साबणाचं पाणी मॅनिफोल्डच्या मागे ओतलं. पंजाच्या दुसऱ्या बोटाच्या बुडाशी फेस फुगला, फुटला, परत फुगला. तो वाकून बघत राहिला. भेग दिसत होती आणि तिचा आवाज नव्हता.

"मला ऐकू येत नाही," तो इंजिनाकडे बघून म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला असावा, कारण बाईंनी गाडी बंद केली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

बाई खाली उतरल्या. "नोकरीच्या शेवटी शेवटी मला मागचे बाक ऐकू येत नव्हते. पोरांना कळलं होतं. ना त्यांनी मला सांगितलं, ना मी त्यांना." मग पर्स काखेला अडकवत म्हणाल्या, "नीट करून द्या. आई थांबेल चार दिवस. मी कुठे बोलणार नाही."

त्या दिवशी जेवताना कानसेनाला हलकं वाटत होतं. आता यंत्र घेता येईल, वर बसता येईल, निदान साबण तरी उघड वापरता येईल. दादा ताटाकडे बघत जेवत होते. जेवण झाल्यावर म्हणाले, "दोनदा वाजला की पुढे गळतंय."

"काय वाजला?"

"बूट. मी खड्ड्याच्या काठाला उभा राहून आपटतो. माझे कान धड आहेत. पुढच्या जोडाला दोनदा, मागच्याला तीनदा. तू काठाला हात लावून राहा, कळेल."

"साबण लावतो ना सरळ."

"आणि पाटी?"

बायको ताटं उचलता उचलता थांबली. "भाऊजी, त्यांना आता वर येऊ द्या."

"वर येऊन करणार काय? गिऱ्हाइकाचं बोलणं तरी ऐकू येईल का त्याला?" दादा हे रागाने म्हणाले नाहीत.

पुढच्या सोमवारी एक व्यापारी लाल रंगाची जुनी गाडी घेऊन आला, लांबून, नाव ऐकून. "त्यांनाच ऐकवायचीय," म्हणाला. कानसेन सात पायऱ्या उतरला. गाडी त्याच्या डोक्यावर सरकली, उजेड गेला. त्याने मान कलती केली, डावा तळहात काठाच्या सिमेंटवर टेकला आणि वाट पाहत उभा राहिला. इंजिनाची घरघर हाताला लागत होती. तिच्यातून दादांचा बूट आला. एक. दोन.

"पुढच्या जोडात गळतंय," तो जुन्याच आवाजात म्हणाला.

वर व्यापारी काहीतरी बोलला. कानसेनाला ते ऐकू आलं नाही, पण दादा हसले ते आलं, आणि काय बोलणं झालं असेल ते त्याला कळलं. त्याने तळहात काठावरून काढला नाही. गाडी अजून चालू होती. मागचा जोड तपासायचा राहिला होता.