सायबर कॅफेतला उखाणा

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेतल्या मुलानं फोनवर सांगितलं, "आई, इथलं एक विद्यापीठ साठीपुढच्या माणसांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास करतंय. इंटरनेटवरून भाग घेता येतो. घे की." त्याला काय जातंय सांगायला! मला धडकी भरली. माझ्या आईनं शेवटी शेवटी कवठे महांकाळच्या घरात मलाच विचारलं होतं, "बाई, तुमी कुणाच्या?" तेव्हापासून साधं दूध उतू गेलं तरी मला आईच आठवायची. त्यात परवाच आमटीत दोनदा मीठ पडलं होतं.

"चल, मी हाय की संगं," हे म्हणाले. यांना सगळ्याचीच थट्टा.

सांगलीत नुकत्याच निघालेल्या सायबर कॅफेत, प्लायवूडच्या आडोशाला आम्ही दोघं दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर इंग्रजी शब्द आले: नदी, सफरचंद, दिवा, सुई, पाव. लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारू. आणि शब्द गायब! काही सुचेना, तेव्हा पावाची भाकरी करून मी उखाणाच जुळवला.

"नदीकाठी सफरचंद, दिव्यापाशी सुई, यांना भाकरी वाढायची मला झाली घाई." 'यांना'च्या जागी चक्क नाव घेतलं. हे इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडची कॉलेजची पोरं डोकावली.

मग झोप, गुडघे, रक्तदाब यांची चौकशी झाली आणि पुन्हा शब्द मागितले. मी सगळे लिहिले. तिथंच डोळे भरून आले. आपली आईसारखी गत होत नाहीये, एवढंच मनात होतं.

बाहेर उसाचा रस पिताना मी यांना डिवचलं, "बघा, उखाण्यानं तारलं का नाही?"

"कसला उखाणा?"

"आत्ता आत घेतला तो. खदाखदा हसलात की तुम्ही."

"मी? कवा?"

नेहमीची मस्करी समजून मी म्हटलं, "पुरे हं आता." पण ते हसेनात. हातातला ग्लास तसाच धरून, कपाळाला आठ्या घालून ते खरोखरच आठवत होते. मग लहान पोरासारखं हळूच म्हणाले, "सांग की गं, काय म्हणालीस?"

मी भर रस्त्यात त्यांचा हात घट्ट धरला.

"अगं, लोकं बघत्यात," ते लाजून म्हणाले.

"बघू देत," मी म्हटलं.