माझ्या तक्रारीचा धूर

मंडळी, आज सकाळी मेहकरची बस धरायला निघालो, तर घरामागचा कचऱ्याचा ढीग पेटलेला. याच ढिगाची तक्रार मी परवा मोबाइलवरून फोटोसकट नगरपालिकेकडे केली होती.

बाजूला आमच्या वॉर्डाच्या सफाईवाल्या शांताबाई. नाकाला पदर, हातात माचीस.

मी भडकलोच. "शांताबाई, कचरा जाळायले कायद्यानं बंदी आहे! काऊन पेटवला?"

"मले कायदा काय सांगता भाऊ? कचरागाडी आठ दिवसापासून बंद हाये. सायेब म्हणे, तक्रार आली, आजच्या आज जागा साफ पायजे. तुमचीच तक्रार निपटून राह्यली मी."

त्या खोकत खोकत काठीनं प्लास्टिक आगीत लोटत राहिल्या. माझी बस गेली.

आता दुपारी मोबाइलवर राखेचा फोटो आलाय. खाली लिहिलंय, "कचरा हटवला. तक्रार निकाली. आपण समाधानी आहात का?" होय आणि नाही, अशी दोनच बटणं आहेत.

होय दाबावं, तर घरात अजून धूर कोंडलाय. नाही दाबावं, तर बोलणी शांताबाईंनाच बसणार, आणि उद्या पुन्हा त्याच माचीस घेऊन येणार.

तुम्ही काय दाबलं असतं?