पाणी गार होईपर्यंत

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान: दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि एक बाकडं. दुकान माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामंजी म्हणते, गिऱ्हाइकं उस्ताद म्हणतात. दाढी करताना वस्तरा इतका हलका फिरायचा की खुर्चीतल्या माणसाचा डोळा लागायचा, आणि दाढी झाली हे त्याला उठवून सांगावं लागायचं.

त्याच हातांना संधिवाताने धरलं. अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, बोटांची पेरं जाड झाली. सकाळी उठल्यावर तर हात नुसते लाकडासारखे. शर्टाची बटणं माझा नवरा लावून द्यायचा आणि मामंजी तेवढा वेळ छताकडे बघत उभे राहायचे. ऊन वर आलं की मात्र बोटं हळूहळू सुटायची. दुपारी बघावं तर तेच हात, पूर्वीसारखे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. सांधे नवे होणार नाहीत, पण आहेत ते सांभाळता येतील. गोळ्या वेळेवर घ्या, कोमट पाण्यात बोटं उघडा-मिटा, काही घट्ट आवळून धरू नका, काम सोडू नका पण मध्ये मध्ये थांबा. आणि सकाळी हातांना वेळ द्या. मामंजींनी सगळं ऐकलं. गोळी कधी चुकवली नाही. मी वस्तऱ्याची मूठ कापडाच्या पट्ट्या गुंडाळून जाड करून दिली, तीही नाक मुरडत वापरली. फक्त वेळ काही दिला नाही. मी कोमट पाण्याचं पातेलं पुढे ठेवावं, तर वाफ जायच्या आत हात बाहेर काढून हे शटर उघडायला निघालेले.

याला कारण गार्डसाहेब. रेल्वेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी हे उजाडताच दुकानाच्या दारात हजर. पहिली दाढी त्यांची. ज्या माणसाने जन्मभर गाडीला उशीर होऊ दिला नाही, त्याला आपण ताटकळत ठेवायचं का, असं मामंजींचं म्हणणं. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. तर माझ्यावरच उखडले. हातांचं बाहेर कळलं तर वस्तऱ्याखाली मान कोण देईल, म्हणाले. तेही खोटं नव्हतं. वर स्वतःच स्वतःला अट घालून बसले होते: ज्या दिवशी आपल्या हातून साहेबांच्या गालाला लागेल, त्या दिवसापासून दुकान बंद. माझा नवरा म्हणाला, कशाला थांबता, आताच बंद करा आणि आराम करा. मला त्याचा रागच आला. दुकान गेल्यावर हा माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसणार, हे याला दिसत कसं नाही?

त्या सकाळी थंडी होती. मी गरम पाणी घेऊन दुकानात गेले तेव्हा एक गाल झाला होता. मामंजींनी दुसऱ्या गालाला वस्तरा लावला आणि त्याच क्षणी गार्डसाहेब हलले. फेसात लाल रेघ उमटली. लहानशीच, तुरटीने थांबेल एवढी. पण मामंजींचा चेहरा पार उतरला. त्यांनी वस्तरा पुसला. मिटायला दोन्ही हात लागले. मग तो आरशापुढे ठेवून दिला.

"साहेब, माझा हात गेला. आजपासून बंद."

"हात कसला? मी हललो. गुडघ्यात कळ आली."

साहेब आपल्याला सांभाळून घेतायत असं मामंजींना वाटलं. हातच, म्हणाले. साहेब म्हणाले, गुडघाच. दोघेही चूक आपल्याकडे ओढायला लागले आणि आवाज चढत गेले. मी तुरटी धरून मध्ये उभी. शेवटी गार्डसाहेब तावातावाने उठायला गेले, तर उठताच येईना. खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धवट उठले आणि परत खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. दोन्ही गुडघे झिजलेत. सकाळी वाकतच नाहीत. बायको अंधारात उठून शेक देते, तेव्हा कुठे रस्ता ओलांडता येतो. दुपारी बरे असतात.

"मग इतक्या सकाळी येता कशाला?" मामंजींनी विचारलं.

"तुम्ही माझ्यासाठी लवकर उघडता, उस्ताद. तुमचं मन कसं मोडायचं?"

हसावं की दोघांना फैलावर घ्यावं, मला कळेना. एकमेकांना जपायच्या नादात दोघांनी रोजची सकाळ वेदनेत काढली होती. मी गार्डसाहेबांना सगळं सांगून टाकलं, हातांचंही आणि त्या अटीचंही. मामंजींनी मला अडवलं नाही. त्यांनी नुसते दोन्ही हात पुढे केले. साहेबांनी ते अलगद आपल्या हातांवर घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अट हाताची होती ना? मग गुडघ्याच्या चुकीला दुकान का बंद करता?"

मी शटर अर्धं खाली ओढलं. साहेबांच्या गुडघ्यांवर गरम पिशवी ठेवली, मामंजींपुढे पातेलं. चहा झाला. साहेबांच्या गालावरचा फेस वाळून गेला तरी कुणाला घाई नव्हती. आरशावर ऊन आलं तेव्हा मामंजींनी वस्तरा उचलला आणि एका हाताने उघडला. नवा फेस लावून दुसरा गाल केला. दाढी झाली हे साहेबांना उठवून सांगावं लागलं.

निघताना त्यांनी विचारलं, उद्या कधी येऊ. मामंजींनी वस्तरा पुसून मिटला. मग म्हणाले, "उशिरा या. माझ्या हातांना वेळ लागतो."

इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी पातेलं ठेवलं. बाहेर उजाडलं, शटर बंदच होतं. मामंजी पाण्यात बोटं उघडत-मिटत बसले होते. वाफ गेली, पाणी गार झालं.

"अजून थोडं गरम घाल गं," ते म्हणाले.