बायकोचं एमबीए

सारसोळ्याच्या रूपेश कोळीने चाळिसाव्या वर्षी एमबीए करायचं ठरवलं, ते जासईच्या कंटेनर यार्डाला कंटाळून. सोळा वर्षं तो तिथे गेटवर सुपरवायझर होता. येणारा कंटेनर तपासायचा, जाणारा सोडायचा. वरच्या जागांवर डिग्रीवाली नवी मुलं येऊन बसायची. नोकरी सांभाळून रविवारी शिकता येईल असं एक कॉलेज त्याने वाशीत शोधलं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना सोबत म्हणून बायकोचाही भरला. सुचिता नेरूळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. मला कशाला, म्हणत म्हणत ती परीक्षेला बसली.

निकालात सुचिताचं नाव होतं. रूपेशचं नव्हतं.

त्याने पेढे आणून गल्लीत वाटले. त्याची आई राजाबाई मासळी विकायला बसली की गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची सून मॅनेजर होनार हाय." रूपेश हसायचा. जेवताना मात्र घास तोंडात घोळत राहायचा.

दर रविवारी तोच तिला बाइकवरून सोडायचा. गेटपाशी बँकेतला प्रसाद, औषध कंपनीतली भाविका, असे तिचे वर्गातले लोक उभे असायचे. ती उतरायची आणि दोन पावलांत त्यांच्यातली होऊन जायची. घरी ती पुस्तक घेऊन बसली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. एकदा प्रोजेक्टसाठी तिने यार्डाचं काम कसं चालतं ते विचारलं. दोन तास तो रंगून सांगत राहिला. ते प्रोजेक्ट वर्गात पहिलं आलं, तेव्हा त्याच्या मनात आलं, माझी सोळा वर्षं हिने दोन तासांत नेली.

दुसऱ्या वर्षी तिचा मोबाइल दुरुस्तीला गेला होता, म्हणून तिने ग्रुपला रूपेशचा नंबर दिला. शनिवारी दुपारी प्रसादचा फोन आला. उद्याचं प्रेझेंटेशन अकराऐवजी नऊला आहे, तेवढं सुचिताला सांगा. रूपेश म्हणाला, सांगतो. सुचिता शेजारच्याच खोलीत वाचत होती. त्याने सांगितलं नाही.

रविवारी साडेदहाला त्याने तिला कॉलेजपाशी उतरवलं. तोवर तिच्याशिवाय सगळं उरकलं होतं. घरी आल्यावर तिने प्रसादच्या फोनचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, विसरलो. तिने विश्वास ठेवला. त्याच्याच फोनवरून प्रसादला लावून ती म्हणाली, चूक माझीच, यांच्या मागे कामाचं किती टेन्शन असतं.

ते ऐकल्यापासून त्याला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी तिची ड्युटी सुटताना तो हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिला.

"विसरलो नव्हतो. मुद्दाम नाही सांगितलं. तुझं बघवत नव्हतं मला."



"तुझी जागा मी घेतली नव्हती, रूपेश," ती म्हणाली आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

पुढचे चार महिने ती बसनेच कॉलेजला गेली. प्रेझेंटेशन तिला एकटीने पुन्हा द्यावं लागलं, तेही अर्ध्याच मार्कांवर. घरात कामापुरतं बोलणं व्हायचं. टीव्ही बंद असायचा.

रूपेशने पुन्हा परीक्षा दिली आणि थोड्या मार्कांनी पुन्हा नापास झाला. या वेळी त्याने स्वतःहून तिला सांगितलं. ती बोंबील साफ करत होती. हात तसेच ठेवून तिने विचारलं, कशात गेले? गणितात, तो म्हणाला.  त्या रविवारी ती बाइकवर मागे येऊन बसली.

आता सुचिता हॉस्पिटलच्या व्यवस्थापनात आहे. रूपेश अजून यार्डातच आहे, कस्टमच्या कागदपत्रांचा छोटा कोर्स करतोय. तिला डिग्री मिळाली त्या दिवशी तो हॉलमध्ये होता. टाळ्या वाजवताना आत टोचलंच. बाहेर आल्यावर त्याने ते तिला सांगून टाकलं.

"कमी होतंय का?" तिने विचारलं.

"होतंय."

"मग चल. आई जेवायच्या थांबल्यात."