खालापुरातली बर्फाची तयारी

मुलीनं गाडीचा फोटो पाठवला तेव्हा आम्हाला वाटलं, हिनं टेंपो घेतला. पांढरी, उंच, बंद पाठीची गाडी. मग तिनं आतला फोटो पाठवला. आत दोघांना पुरेल असा पलंग, छोटी शेगडी, घडीचं टेबल, खिडकीला निळे पडदे. "याला कॅम्परव्हॅन म्हणतात," ती म्हणाली. "जुनीच आहे. सुट्टीला कुठंही जायचं, तिथंच स्वयंपाक, तिथंच झोपायचं."

ती ऑस्ट्रियात नर्स आहे. मीही कर्जतला सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यामुळे तिचं काम मला कळतं. तिथली भाषा शिकून परक्या माणसांची दुखणी ऐकायची हे मात्र मला जमलं नसतं. तिला मोठी सुट्टी जानेवारीतच मिळायची होती. "तुम्ही दोघं या," ती म्हणाली. "मी डोंगरात नेते, बर्फ दाखवते. फक्त तिथं वरच्या रस्त्यांवर चाकांना साखळ्या लावाव्या लागतात. एकट्याचं काम नाही ते. बाबांना आत्तापासून बघून ठेवायला सांग."

हे रेल्वेत इंजिन चालवायचे. घाट चढताना गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात, त्यांना आमच्याकडे बँकर म्हणतात. ह्यांची बरीचशी नोकरी त्या बँकरवर, कर्जत ते लोणावळा वरखाली करण्यात गेली. रिटायर झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात छातीत दुखायला लागून स्टेंट टाकावे लागले. तेव्हापासून फार शांत झाले होते. सकाळी भिसेगावातल्या आमच्या घरापासून कर्जत स्टेशनपर्यंत फेरी मारायची, घरी येऊन पेपर वाचायचा, दुपारी पडायचं. विचारलं तर "बरं आहे" एवढंच. मुलीचा तो फोन आला आणि ह्यांनी पेपर बाजूला ठेवला.

पहिला विषय टायरचा निघाला. बर्फाच्या दिवसांत तिकडे वेगळे टायर घालतात, मऊ रबराचे. बगलेवर डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं. मुलीच्या गाडीला तसे टायर होते. ती नाण्यानं नक्षीची खोली मोजून दाखवत होती. दोन युरोच्या नाण्याची रुपेरी कड नक्षीत बुडली म्हणजे टायर चांगला.

"नाणं ठेव," हे म्हणाले. "फोन खाली धर. बगल दाखव."

तिनं फोन चाकाजवळ नेला. रबराला बारीक भेगा होत्या, उन्हात राहिलेल्या चपलेला पडतात तशा.

"बदल हे."

"बाबा, इथला माणूस म्हणाला, अजून एक हिवाळा जातील."

"जातीलही. पण त्या एका हिवाळ्यात तुझी आई बसणार आहे गाडीत."

मुलगी हसली आणि पुढच्या आठवड्यात चारही टायर बदलून आली. मी ह्यांना विचारलं, खरंच इतकं गरजेचं होतं का? हे म्हणाले, "ते नाही सांगता येत. घाटात रूळ ओला असला की आम्ही चाकापुढे वाळू सोडायचो. सोडली नसती तर गाडी घसरलीच असती असं थोडंच आहे? पण सोडायची."

नंतर साखळ्यांचे व्हिडिओ सुरू झाले. हे फोन डोळ्यांपासून लांब धरून तेच तेच पाहायचे. तीन दिवसांनी म्हणाले, "बघून येत नाही हे. हातात घ्यायला पाहिजे." आता कर्जतच्या बाजारात बर्फाच्या साखळ्या कुठून मिळणार? म्हणून आम्ही खालापूरला माझ्या धाकट्या भावाकडे गेलो. त्याची भातशेती आहे आणि एक पिकअप टेंपो आहे. त्यात तो भाजी आणि विटा असं जे मिळेल ते भाडं मारतो.

भावानं सगळं ऐकून घेतलं. "दाजी, बर्फ कुठनं आणू मी? चिखल हाय. चालंल का?"

"चिखल चालेल. साखळीचं काय करू या?"

भावानं पडवीत हात घातला. बैलाची जुनी साखळी निघाली, विहिरीचा दोर निघाला, कपडे वाळत घालायची तार निघाली. दोघांनी दुपारभर बसून त्याची एक शिडीसारखी वस्तू केली. मागच्या बाजूला तारेचा गोल, पुढच्या बाजूला साखळी, आणि दोघांना जोडणारे दोराचे आडवे पट्टे, जे टायरच्या वर येतात. खऱ्या साखळीची रचना साधारण अशीच असते, ह्यांनी मला व्हिडिओत दाखवलं. वहिनी म्हणाली, "ताय, बघा गं, दोघं कसे पोरांसारके बसलेत." मला ते दिसतच होतं. कितीतरी महिन्यांनी ह्यांचा आवाज अंगणात ऐकू येत होता.

पुढच्या खेपेला भावानं शेताच्या कडेला पाणी सोडून चिखल केला आणि टेंपो त्यात उभा केला. मागच्या चाकाला साखळी लावली, काढली, परत लावली. मुलीला व्हिडिओ पाठवला. तिचा लगेच फोन.

"बाबा, मस्तच. पण माझ्या गाडीला पुढची चाकं ओढतात. साखळी पुढे लावायची."

ह्यांचा चेहरा पडला. मागून जोर देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला पुढची चाकं डोक्यातच आली नव्हती. भाऊ हसायला लागला, मग हेही हसले. "चला," म्हणाले, "पुढे तर पुढे." पुढच्या चाकाला मागे हात घालायला जागा कमी असते. बऱ्याच खटपटीनंतर स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून जागा करायची हे दोघांच्या लक्षात आलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेहमीची तपासणी होती. ह्यांनी मोठ्या हौसेनं त्यांना सांगितलं, "ऑस्ट्रियाला चाललोय, बर्फात." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले. या हिवाळ्यात नको, म्हणाले. एवढी थंडी, त्यात उंची, आणि चढावर चाकाशी झटापट, हे नकोच. उन्हाळ्यात जा, हिंडून या.

परत येताना हे गाडीत खिडकीकडे बघत बसले होते. मी घरी येऊन म्हणाले, "दोघांचं तिकीट रद्द करू. उन्हाळ्यात जाऊ."

"पोरीची सुट्टी जानेवारीत आहे."

"मग तिला इकडे येऊ दे."

"ती येईल गं. पण तिला तिचं तिथलं दाखवायचंय. तू जा."

"मी एकटी? आणि साखळ्या?"

"तू लाव."

मला हसू आलं. मी सलाईन लावलेलं, टाके घातलेले, बाळंतपणं केलेली. गाडीच्या चाकाला कधी हात लावला नव्हता. पण हे हसत नव्हते. त्या दिवशी रात्री जेवताना पुन्हा तेच म्हणाले, "तू जा. मी शिकवतो." मला नाही म्हणवेना.

दुसऱ्या रविवारपासून खालापूरच्या शेतात मी गुडघ्यावर आणि हे खुर्चीवर. भावानं मला बसायला खताची रिकामी गोण दिली. साखळी आधी जमिनीवर पसरायची. पीळ पडलेला नाही ना, बघायचं. तारेचा गोल चाकाच्या मागून खालून घालायचा, दोन्ही टोकं वर आणून जोडायची. मग पट्टे टायरवर ओढून पुढचा आकडा लावायचा. ताणायची साखळी ओढून घट्ट करायची. मग गाडी थोडी पुढे घ्यायची, थांबायचं आणि पुन्हा घट्ट करायची.

माझं पहिल्यांदा अर्ध्यातच सुटायचं. टोकं जोडताना मागचं दिसत नाही, बोटांनीच शोधावं लागतं. "डोळे मीट," हे म्हणायचे. "तुला शीर बघून सापडते का? हाताला लागते ना?" हे मात्र खरं होतं. डोळे मिटल्यावर टोक सापडायला लागलं.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर ह्यांनी येताना कर्जतच्या मासळीवाल्याकडून बर्फाची अर्धी लादी गोणपाटात गुंडाळून आणलेली. रिक्षात माझ्या पायाशी ठेवली होती, मला वाटलं भावाकडे मासळीचा बेत आहे. शेतावर ह्यांनी बर्फ फोडून बादलीत टाकला, वर पाणी ओतलं.

"हात घाल."

"कशाला?"

"तिथं बोटं अशीच होतील. मग आकडा लागतो का बघू."

"दाजी, तायचं हाल कशाला करताय?" भाऊ म्हणाला.

मी हात घातले. आधी झिणझिण्या, मग दुखणं, मग काहीच नाही. हात बाहेर काढून साखळी धरली तर ती माझ्या हातातली वाटेना. आकडा दोनदा निसटला. मला रडूही येत होतं आणि रागही आला. मी म्हणाले, "तुमाला जायचं होतं म्हणून मला छळताय का?" रागात माझ्या तोंडी माहेरची बोली येते.

हे खुर्चीतून उठले. माझ्याशेजारी त्या चिखलात बसले, धोतरासारखी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून. माझे हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिले. बोटांत जीव आल्यावर मीच परत बादलीत हात घातले. त्या खेपेला आकडा लागला. भावानं टेंपो पुढे घेतला, थांबवला. मी पुन्हा घट्ट केलं.

त्या संध्याकाळी वहिनीनं पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, वरून भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती जाळ. गरम शेंगा सोलताना माझी बोटं भाजत होती आणि मला ते फार बरं वाटत होतं.

जानेवारीत मी एकटी विमानात बसले. त्या भीतीबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना वाटते तशीच ती वाटली. मुलगी विमानतळावर आली होती. तिच्या खोलीवर दोन दिवस राहून आम्ही निघालो. खाली दरीत रस्ता काळा, कोरडा होता. वर चढायला लागलो तसा बर्फ पडायला लागला. मऊ, आवाज न करता. एका वळणावर निळी गोल पाटी दिसली, तिच्यावर साखळी लावलेलं चाक. मुलगी म्हणाली, "आई, इथून पुढे लावायलाच लागतात." तिनं कडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली.

खरी साखळी डब्यातून काढली तेव्हा ती आमच्या दोराच्या शिडीपेक्षा कितीतरी हलकी आणि नाजूक वाटली. मुलीनं डावं चाक घेतलं, मी उजवं. थोड्या वेळानं पलीकडून तिचा आवाज आला. "नाही जमत! मागचं टोकच सापडत नाही. आई, आपण परत जाऊ या, प्लीज." तिचे डोळे भरले होते. ती दवाखान्यात रात्रपाळ्या करून आली होती, थकलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

"तू गाडीत बस," मी म्हणाले. "स्टेअरिंग वळवून धर. मी सांगेन तेव्हा हळू पुढे घे."

उजवं लागलं. डावं लावलं, आणि उभी राहून बघते तर एका पट्ट्याला पीळ. घाईत पसरून बघायचं राहिलं होतं. सोडलं, झटकलं, पुन्हा घातलं. हातमोज्यांत आकडा लागेना म्हणून मोजे काढले. बर्फ मानेवर पडून आत ओघळत होता. मुलीनं गाडी थोडी पुढे घेतली, मी दोन्ही चाकं पुन्हा आवळली आणि आत येऊन बसले. तिनं हीटर माझ्याकडे वळवला. साखळ्यांचा खडखड आवाज करत गाडी वर चढत राहिली, बैलगाडीच्या वेगानं, पण न घसरता.

वर एका मुक्कामाच्या जागी थांबलो. फोनला रेंज होती. ह्यांना सांगितलं. ह्यांनी पुन्हा आवळली होती का, एवढं विचारून घेतलं. मग म्हणाले, "बरं. जेवलात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. एवढं पांढरं मी कधी पाहिलं नव्हतं, डोळे उघडवत नव्हते. मुलीनं शेगडीवर चहा केला. पडदा सारून आम्ही पलंगावर बसलो. तेव्हा ती म्हणाली, "आई, मी परत यायचं म्हणत होते ना, दोन-चार वर्षांनी. मला वाटतं, मी इथंच राहीन."

मी चहा पीत राहिले. खरं म्हणजे मला ते तिच्या खोलीत पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिनं कुंडीत कढीपत्ता लावला होता. चार दिवसांसाठी राहणारं माणूस कढीपत्ता लावत नाही.

"बाबांना तू सांगशील का?" तिनं विचारलं.

"नाही. तूच सांग."

तिनं मी परतल्यावर सांगितलं, फोनवर. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हे बराच वेळ हूं हूं करत होते. मग म्हणाले, "राहायचंच तर गाडी उघड्यावर नको ठेवू. छपराची जागा बघ कुठं." फोन ठेवून हे ओट्यापाशी आले आणि पाणी प्याले. थोड्या वेळानं बाहेर खुर्चीत जाऊन बसले. मीही दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसले.

यंदा मे महिन्यात दोघांची तिकिटं काढली आहेत. मुलगी म्हणते, मेमध्ये खाली बर्फ नसतो, सगळीकडे गवत आणि गाई असतात. हे जरा हिरमुसले. मग काल विचारत होते, उन्हाळ्यासाठी टायर वेगळे घालतात ना, ते तिनं बघून ठेवलेत का?